चालत्या प्रोग्रॅममध्ये क्लास घडवताना: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या प्रश्नांपैकी बरेच एकाच विषयाभोवती फिरत होते: प्रोग्रॅम चालू असताना नवा क्लास तयार करणे. त्यातले निवडक इथे घेतले आहेत, बहुतेक पायथनचे, काही जावाचे. कोडमधली नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेल्या नावांना रूढ पद्धतीने ‘डंडर’ म्हटले आहे.

प्रश्न: आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक सीएसव्ही फाइलचे कॉलम वेगळे असतात. काही कॉलम सगळीकडे सारखे, बाकीचे फाइलगणिक बदलणारे. पहिल्या ओळीवरून पायथनमध्ये क्लास बनवायचा आहे. सध्या क्लासचा कोड स्ट्रिंगमध्ये जोडून ‘एक्झेक’ला (स्ट्रिंगमधला मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या फंक्शनला) देतो. मथळे मराठीत असले की कधी चालते, कधी नाही. योग्य पद्धत कोणती?

उत्तर: आधी एक्झेक काढून टाका. मथळा थेट कोडच्या मजकुरात जात असेल तर फाइल लिहिणारा माणूस तुमच्या मशीनवर हवा तो कोड चालवू शकतो. मथळ्यात एक नवी ओळ घातली की झाले.

एक्झेकची गरजही नाही. पायथनमध्ये क्लासचे विधान मुळातच रनटाइमला चालते. इंटरप्रिटर क्लासच्या आतला कोड चालवतो, त्यात तयार झालेली नावे एका डिक्शनरीत गोळा करतो आणि ती मेटाक्लासच्या, म्हणजे क्लास घडवणाऱ्या क्लासच्या, हाती देतो. हा मेटाक्लास बहुतेक वेळा ‘टाइप’ असतो. तोच कॉल तुम्ही स्वतः करू शकता. त्याला तीन आर्ग्युमेंट लागतात: क्लासचे नाव, बेस क्लासांचा टपल आणि ॲट्रिब्यूट-मेथडची डिक्शनरी. बेस एकच असेल तर टपलमधला शेवटचा स्वल्पविराम राहून जातो. मग कंसात उरतो तो नुसता क्लास, आणि टाइपएरर येतो.

खरे काम मथळे साफ करण्यात आहे, कारण टाइप नावांची फारशी तपासणी करत नाही. स्पेस असलेले, आकड्याने सुरू होणारे, कसलेही नाव डिक्शनरीत चालते. ते फक्त टिंबाने वाचता येत नाही, आणि चूक पुढे भलतीकडे उघडी पडते. म्हणून क्रम असा ठेवा. फाइल ‘यूटीएफ-८-सिग’ एन्कोडिंगने उघडा. स्प्रेडशीटमधून आलेल्या फाइलींच्या सुरुवातीला न दिसणारी बीओएम खूण असू शकते, आणि साध्या यूटीएफ-८ने उघडले तर ती पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटते. मग दोन्ही कडांच्या स्पेस काढा, मधल्या स्पेसचे अंडरस्कोर करा, नाव एनएफकेसी रूपात (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या युनिकोड लिखाणांसाठी ठरलेले एकच रूप) आणा, ते पायथनला नाव म्हणून चालते का हे ‘इज-आयडेंटिफायर’ने तपासा, कीवर्ड (भाषेने राखून ठेवलेला शब्द) आहे का पाहा (‘क्लास’ आणि ‘फ्रॉम’ हे मथळे आढळतातच), आणि शेवटी दुहेरी नावे शोधा. दुहेरी नावे शेवटीच शोधायची, कारण वेगळे दिसणारे दोन मथळे साफ केल्यावर एक होऊ शकतात.

एनएफकेसीची पायरी तुमच्या ‘कधी चालते, कधी नाही’चे मूळ असण्याची दाट शक्यता आहे. पायथन ३ मध्ये देवनागरी आयडेंटिफायर पूर्ण वैध आहेत. पण सोर्स कोडमध्ये लिहिलेले नाव पार्सर आपोआप एनएफकेसी रूपात नेतो. ‘सेट-ॲटर’, ‘गेट-ॲटर’ किंवा टाइपला दिलेली स्ट्रिंग मात्र तो जशीच्या तशी ठेवतो. ‘पायऱ्या’ हा मथळा घ्या. त्यातला ‘ऱ’ एका कोडने साठवता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता असा दोन कोडांत. पडद्यावर दोन्ही सारखेच. एनएफकेसीमध्ये दोन कोडांचा ‘ऱ’ एककोडी होतो. त्यामुळे फाइलमधून दोन कोडांचा ‘ऱ’ आला आणि तुम्ही कोडमध्ये ‘ओळ.पायऱ्या’ असे लिहिले, तर ॲट्रिब्यूट समोर दिसत असूनही ॲट्रिब्यूटएरर मिळतो. ‘ड़’ आणि ‘ढ़’ यांचे उलटे आहे: त्यांचे एककोडी रूप एनएफकेसीत दोन कोडांत फुटते.

तिसरी तऱ्हा सगळ्यांत त्रासदायक. काही कीबोर्ड हाच ‘ऱ्या’ ‘र’, हलंत आणि झेडडब्ल्यूजे हा अदृश्य जोडकोड वापरून लिहितात. झेडडब्ल्यूजे पायथनच्या आयडेंटिफायरमध्ये चालत नाही, आणि एनएफकेसी तो काढूनही टाकत नाही. म्हणून एनएफकेसी रूपात आणण्याआधी ‘र + हलंत + झेडडब्ल्यूजे’ या क्रमाच्या जागी ‘ऱ + हलंत’ घाला.

नावे साफ झाली की क्लास बनवणे दोन ओळींचे काम आहे. फक्त डेटा ठेवायचा असेल तर टाइपपेक्षा ‘डेटाक्लासेस’ मॉड्यूलमधले ‘मेक-डेटाक्लास’ घ्या. ते पायथन ३.७ पासून आहे आणि अवैध नाव, कीवर्ड किंवा दुहेरी नाव दिले तर तिथल्या तिथे टाइपएरर देते. ‘नेम्ड-टपल’ला ‘रिनेम’ खरे करून दिले तर ते अशा नावांच्या जागी अंडरस्कोर आणि क्रमांक घालते. सोय आहे, पण कॉलम गुपचूप नाव बदलतात. आम्ही ती वापरत नाही.

टाइपच वापरायचे असेल तर दोन गोष्टी सांभाळा. मेमरी वाचवण्यासाठी ‘डंडर-स्लॉट्स’ (ऑब्जेक्टच्या ठरावीक ॲट्रिब्यूटची यादी) हवे असतील तर ते डिक्शनरीत आधीपासून असले पाहिजेत. ऑब्जेक्टची मांडणी क्लास तयार होतानाच ठरते, त्यामुळे नंतर चिकटवलेल्या स्लॉट्सचा काही परिणाम होत नाही. आणि स्लॉटच्याच नावाची डीफॉल्ट किंमत त्याच डिक्शनरीत ठेवली तर व्हॅल्यूएरर येतो. दुसरे, ‘डंडर-इनिट’मध्ये नावे आणि किमती ‘झिप’ने जोडत असाल तर ‘स्ट्रिक्ट’ खरे करा (पायथन ३.१० पासून). नाहीतर ओळीत एक किंमत कमी आली तरी झिप मुकाट्याने थांबतो आणि शेवटचा ॲट्रिब्यूट तयारच होत नाही.

आता स्पष्टच सांगायचे तर, ज्या कॉलमांची नावे रनटाइमलाच कळतात ती नावे हाताने लिहिलेल्या कोडमध्ये येणारच नाहीत. त्यांच्यासाठी साधी डिक्शनरी पुरते. क्लासचा खटाटोप तेव्हा करा, जेव्हा त्याला मेथड असतील, किमतींची तपासणी असेल, किंवा एखादी लायब्ररी क्लासच मागत असेल. तुमच्या बाबतीत सगळीकडे सारखे असणारे कॉलम हाताने लिहिलेल्या बेस क्लासमध्ये ठेवा आणि बाकीचे त्याच्याच एका डिक्शनरीत. हे आम्हाला सगळ्यांत टिकाऊ वाटते.

प्रश्न: लूपमध्ये पाच मेथड तयार करून डिक्शनरीत टाकल्या आणि टाइपला दिल्या. पाचही मेथड शेवटच्या फील्डचीच किंमत परत देतात.

उत्तर: आतले फंक्शन लूपच्या व्हेरिएबलची किंमत धरत नाही, व्हेरिएबल धरते. मेथड कॉल होईपर्यंत लूप संपलेला असतो आणि व्हेरिएबलमध्ये शेवटचे नाव उरलेले असते. एक छोटे फंक्शन लिहा, जे फील्डचे नाव घेते आणि आत मेथड बनवून परत देते. लूपमध्ये तेच कॉल करा. डीफॉल्ट आर्ग्युमेंटची युक्ती (‘एन = एन’) पण चालते, मात्र कोणी मेथडला एक जादा आर्ग्युमेंट दिले की ती युक्ती गळून पडते आणि एररही येत नाही. ‘फंक्टूल्स’मधले ‘पार्शल’ इथे नको. ते डिस्क्रिप्टर म्हणून (मेथडसारखे ऑब्जेक्टला बांधले जाऊन) वागेल याची खात्री धरता येत नाही, म्हणजे ‘सेल्फ’ पोहोचेलच असे नाही. त्यासाठी ‘पार्शल-मेथड’ आहे.

प्रश्न: बाहेर लिहिलेले फंक्शन टाइपच्या डिक्शनरीत घातले. त्यात सुपरला (बेस क्लासची मेथड गाठून देणाऱ्या सोयीला) कॉल केला की ‘डंडर-क्लास सेल सापडला नाही’ असा रनटाइमएरर येतो. सुपरमध्ये ‘टाइप ऑफ सेल्फ’ दिले तर चालले. हे ठीक आहे ना?

उत्तर: ठीक नाही, आज चालते आहे एवढेच. रिकाम्या कंसांच्या सुपरमागे कंपायलरची एक सोय आहे. क्लासच्या विधानाच्या आत लिहिलेल्या फंक्शनमध्ये सुपर दिसला की कंपायलर एक लपलेला सेल तयार करतो आणि क्लास तयार झाल्यावर त्यात तो क्लास ठेवला जातो. तुमचे फंक्शन कोणत्याच क्लासच्या आत लिहिलेले नाही, म्हणून सेल नाही.

‘टाइप ऑफ सेल्फ’ म्हणजे ऑब्जेक्टचा क्लास, मेथड जिथे लिहिली तो क्लास नव्हे. तुमच्या क्लासचा कोणी सबक्लास केला की ‘सबक्लासच्या वरचा’ म्हणजे पुन्हा तुमचाच क्लास येतो, मेथड स्वतःलाच कॉल करत राहते आणि रिकर्शनएररवर थांबते. उपाय दोन. टाइपने परत दिलेला क्लास एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि मेथडने क्लोजरमधून (बाहेरच्या फंक्शनचे व्हेरिएबल वाचून) तेच नाव सुपरला द्यावे. किंवा, आमची पसंती हीच, एका फंक्शनच्या आत नेहमीसारखे क्लासचे विधान लिहा, बदलते भाग फंक्शनच्या आर्ग्युमेंटमधून घ्या आणि शेवटी ‘डंडर-नेम’ व ‘डंडर-क्वालनेम’ (क्लासचे पूर्ण नाव) बदलून क्लास परत करा. सुपर नीट चालतो, कोडही वाचता येतो. टाइपची तीन आर्ग्युमेंट हुशारीची दिसतात. फंक्शनमधला क्लास दिसायला साधा, पण निम्म्या अडचणी त्याने उद्भवतच नाहीत.

प्रश्न: इनमचा (ठरावीक नावे असलेल्या किमतींच्या क्लासचा) सबक्लास टाइपने बनवायचा प्रयत्न केला. ‘डिक्ट’मध्ये ‘मेंबर-नेम्स’ नाही असे काहीसे म्हणतो.

उत्तर: क्लासचे विधान मेटाक्लासची ‘डंडर-प्रिपेअर’ मेथड आधी चालवते आणि ती जी डिक्शनरी देईल तिच्यात नावे गोळा करते. इनमला स्वतःची खास डिक्शनरी लागते. टाइपला थेट कॉल केला की बेसचा मेटाक्लास शोधला जातो, पण प्रिपेअर वगळले जाते, आणि इनमच्या हाती तुमची साधी डिक्ट पडते. अशा बेससाठी ‘टाइप्स’ मॉड्यूलमधले ‘न्यू-क्लास’ वापरा (पायथन ३.३ पासून). ते सगळ्या पायऱ्या क्रमाने करते. शेवटच्या आर्ग्युमेंटमध्ये तुम्ही एक फंक्शन देता आणि ते तयार नेमस्पेस भरते. बेसमध्ये ‘लिस्ट ऑफ इंट’सारखा जेनेरिक असेल तरी न्यू-क्लासच लागते. इनमपुरते म्हणाल तर इनमलाच नाव आणि सदस्यांची यादी देऊन कॉल करा. ती सोय त्यात आहेच.

प्रश्न: फॅक्टरी फंक्शनने बनवलेल्या क्लासचे ऑब्जेक्ट मल्टीप्रोसेसिंग पूलला (अनेक प्रोसेसांत काम वाटणाऱ्या सोयीला) दिले की पिकल (ऑब्जेक्ट बाइटमध्ये साठवणारे मॉड्यूल) अडते. एकाच प्रोसेसमध्ये सगळे सुरळीत चालते.

उत्तर: पिकल क्लास साठवत नाही, त्याचा पत्ता साठवते: मॉड्यूलचे नाव आणि क्वालनेम. दुसरीकडे तो पत्ता शोधून क्लास मिळवला जातो. टाइपने बनवलेल्या क्लासला मॉड्यूल लागते ते टाइपचा कॉल जिथे झाला तिथले, म्हणजे तुमच्या फॅक्टरीचे. त्या मॉड्यूलमध्ये त्या नावाचे काही नसेल तर ‘लुकअप फसला’ असा एरर येतो. त्या नावाने आधीचा, वेगळा क्लास बसलेला असेल तर ‘तोच ऑब्जेक्ट नाही’ असा. फॅक्टरी दोनदा कॉल झाली की हा दुसरा एरर हमखास.

क्लास मॉड्यूलच्या ग्लोबल्समध्ये त्याच नावाने टाकला की तुमच्या प्रोसेसमधले पिकलिंग पार पडते. पण पलीकडची प्रोसेस ‘स्पॉन’ने सुरू झाली असेल तर ती मॉड्यूल नव्याने इम्पोर्ट करते, आणि इम्पोर्टनंतर फॅक्टरीने घडवलेला क्लास तिथे नसतो. विंडोजवर स्पॉनच आहे, मॅकओएसवर पायथन ३.८ पासून तोच डीफॉल्ट आहे. लिनक्सवर पूल सुरू होण्याआधी क्लास बनला असेल तर फोर्कमुळे (नवी प्रोसेस चालू प्रोसेसची नक्कल असल्यामुळे) चालून जायचे, पण ३.१४ पासून तिथेही डीफॉल्ट ‘फोर्कसर्व्हर’ झाला आहे, म्हणजे नक्कल वेगळ्या सर्व्हर प्रोसेसची होते.

टिकणारा उपाय ‘डंडर-रिड्यूस’, म्हणजे ऑब्जेक्ट पुन्हा कसा बांधायचा हे पिकलला सांगणारी मेथड. बेस क्लासमध्ये ही मेथड लिहा आणि तिने दोन गोष्टींचा टपल परत द्यावा: मॉड्यूलच्या वरच्या पातळीवरचे ‘पुन्हा बांधा’ हे फंक्शन, आणि त्याची आर्ग्युमेंट, म्हणजे कॉलमनावांचा टपल व किमतींचा टपल. ते फंक्शन नावांवरून फॅक्टरी कॉल करते आणि किमती भरते. फॅक्टरीला ‘एलआरयू-कॅश’ (तीच आर्ग्युमेंट पुन्हा आली की आधीचाच निकाल देणारी सोय) लावा. नाहीतर प्रत्येक ऑब्जेक्ट उलगडताना नवा क्लास जन्मतो, सारख्या दिसणाऱ्या दोन ऑब्जेक्टांवर ‘इज-इन्स्टन्स’ खोटे येते, आणि मेमरीही जाते: रिकाम्या क्लासलाही हजाराहून अधिक बाइट लागतात, आणि क्लास स्वतःच्याच एमआरओमध्ये (मेथड शोधायच्या क्लासांच्या क्रमात) असल्यामुळे रेफरन्स मोजणीने कधी सुटत नाही, गार्बेज कलेक्टरची फेरी होईपर्यंत पडून राहतो. नावांची यादी लिस्टमध्ये असेल तर कॅश अडेल. टपल करून द्या.

प्रश्न: जावामधले आमचे रूल इंजिन प्रत्येक नियमाचा क्लास कंपायलर एपीआयने रनटाइमला बनवते. नियम बदलला की नवा क्लास. काही काळाने मेटास्पेस (क्लासांची माहिती ठेवायची मेमरी) संपल्याचा आउट-ऑफ-मेमरी एरर येतो. हीप (ऑब्जेक्टांची मेमरी) मात्र निम्मा रिकामा असतो.

उत्तर: जावात सामान्य क्लास एकटा अनलोड होत नाही. त्याला डिफाइन करणाऱ्या क्लासलोडरपर्यंत (क्लास प्रोग्रॅममध्ये आणणाऱ्या ऑब्जेक्टपर्यंत) पोहोचणारा एकही रेफरन्स उरला नाही, तरच त्या लोडरचे सगळे क्लास एकत्र जातात. सगळे नियम एकाच लोडरमध्ये घालत असाल तर शेवटचा नियम जिवंत असेपर्यंत पहिलाही जिवंत. म्हणून प्रत्येक नियमाला, किंवा एकत्र बदलणाऱ्या नियमांच्या गटाला, स्वतंत्र लोडर द्या.

एवढ्याने भागेलच असे नाही. त्या क्लासचा एक ऑब्जेक्ट कुठेही अडकून राहिला तर ऑब्जेक्ट क्लासला धरतो, क्लास लोडरला, आणि लोडर बाकी सगळ्यांना. आम्ही तपासताना आधी इथे पाहतो: क्लास हीच की असलेले स्टॅटिक मॅप, थ्रेड-पूलमधल्या थ्रेडवर राहिलेले थ्रेडलोकल, थ्रेडचा कॉन्टेक्स्ट क्लासलोडर, आणि नियमाने कुठेतरी नोंदवलेला लिसनर. हीप डंप घेऊन तुमच्या लोडरच्या एका ऑब्जेक्टपासून जीसी रूटपर्यंतचा (गार्बेज कलेक्टर जिथून शोध सुरू करतो तिथपर्यंतचा) रस्ता काढा, वीक आणि सॉफ्ट रेफरन्स वगळून. बहुधा पहिल्याच रस्त्यात गुन्हेगार सापडतो.

खात्री करायला एक चाचणी लिहा: हजार नियम लूपमध्ये बनवा, चालवा, सोडून द्या. कमाल मेटास्पेसची मर्यादा ॲप सुरू व्हायला लागतो त्याहून थोडीच जास्त ठेवा. डीफॉल्टला मर्यादाच नसते, त्यामुळे गळती मशीनची मेमरी संपेपर्यंत लपून राहते. जावा ९ किंवा पुढचे असेल तर क्लास-अनलोडचा लॉग चालू करून क्लास खरेच जातात का पाहा.

जावा १५ पासून ‘हिडन क्लास’ आहेत. ‘लुकअप’च्या ‘डिफाइन-हिडन-क्लास’ने बनवलेला क्लास, स्ट्राँग पर्याय मागितला नसेल तर, लोडर जिवंत असतानाही अनलोड होऊ शकतो. एक-एक सुट्या नियमासाठी हे चांगले. अट अशी की दुसरा क्लास त्याला नावाने वापरू शकत नाही, म्हणून बोलणे इंटरफेसमार्फतच. तो इंटरफेस ॲपच्याच लोडरमध्ये राहू द्या. स्वतंत्र लोडरांच्या मार्गानेही हाच नियम: इंटरफेस दोन लोडरांनी दोनदा लोड केला तर ‘नियम हा नियममध्ये कास्ट होत नाही’ असा चक्रावून टाकणारा क्लासकास्ट एक्सेप्शन मिळतो. जेव्हीएमच्या लेखी क्लासची ओळख नाव आणि लोडर मिळून ठरते.

जाता जाता: सर्व्हरवर जेडीकेऐवजी नुसता रनटाइम असेल तर सिस्टिम कंपायलर मागितल्यावर नल मिळतो. सुरुवातीलाच तपासा.

प्रश्न: जावाच्या डायनॅमिक प्रॉक्सीत (इंटरफेसचे कॉल हँडलरकडे वळवणाऱ्या, रनटाइमला बनलेल्या क्लासमध्ये) प्रत्येक कॉलचा लॉग घेतो. स्टॅक ओव्हरफ्लो होतो. शिवाय मूळ मेथडने फेकलेला एक्सेप्शन भलत्याच नावाने बाहेर येतो.

उत्तर: लॉगमध्ये ‘प्रॉक्सी’ हे आर्ग्युमेंट छापत असाल. छापायला टू-स्ट्रिंग लागते, आणि टू-स्ट्रिंग, इक्वल्स व हॅशकोड हे तिन्ही कॉल हँडलरकडेच येतात. हँडलर पुन्हा लॉग करतो, लॉग पुन्हा टू-स्ट्रिंग मागतो. मूळ ऑब्जेक्ट छापा.

एक्सेप्शनचे असे: रिफ्लेक्शनने केलेला इन्व्होक मूळ एक्सेप्शनला ‘इन्व्होकेशन-टार्गेट’मध्ये गुंडाळतो. तो चेक्ड (मेथडने जाहीर करावा लागणारा) असल्याने आणि तुमच्या इंटरफेसने जाहीर केलेला नसल्याने प्रॉक्सी त्यावर ‘अनडिक्लेअर्ड-थ्रोएबल’चे आणखी एक वेष्टन चढवते. इन्व्होकेशन-टार्गेट पकडा आणि त्याचे ‘कॉज’ फेका. आणि मूळ ऑब्जेक्टने ‘धिस’वरून स्वतःचीच दुसरी मेथड कॉल केली तर तो कॉल प्रॉक्सीतून जात नाही, लॉगमध्ये ओळ कमी दिसली तर आधी हे आठवा.

प्रश्न: रुबीत क्लास-डॉट-न्यूने बनवलेल्या क्लासचे नाव निल येते. जावास्क्रिप्टमध्येही नाव कोरे.

उत्तर: रुबीत क्लासला नाव मिळते ते कॉन्स्टंटला बांधल्यावर, रनटाइमला ‘कॉन्स्ट-सेट’ वापरा. बेस क्लासचा ‘इनहेरिटेड’ हुक त्याआधी चालतो, म्हणून त्या हुकमध्ये नावावर अवलंबून राहू नका. निनावी क्लासचे ऑब्जेक्ट ‘मार्शल’ही नाकारतो. ब्लॉकमधून बाहेरचे व्हेरिएबल हवे असेल तर ‘डेफ’ नको, ‘डिफाइन-मेथड’ घ्या; डेफला बाहेरचे लोकल व्हेरिएबल दिसत नाहीत.

जावास्क्रिप्टमध्ये क्लास एक्स्प्रेशन थेट व्हेरिएबलला दिले तर व्हेरिएबलचे नाव लागते, फंक्शनमधून परत केले तर लागत नाही. ‘नेम’ला नुसती किंमत देऊन ते बदलत नाही, ते रीड-ओन्ली आहे; पण कॉन्फिगरेबल असल्याने ‘ऑब्जेक्ट-डॉट-डिफाइन-प्रॉपर्टी’ने बदलता येते.

प्रश्न: सी++ मध्ये हे कसे करायचे?

उत्तर: भाषेत सोय नाही; ऑब्जेक्टची मांडणी कंपाइल होतानाच ठरते. दोन वाटा उरतात. ‘प्रकार’ हाच एक ऑब्जेक्ट करा: त्यात फील्डची नावे, ऑफसेट आणि फंक्शनचे नकाशे ठेवा, आणि प्रत्येक वस्तू आपल्या प्रकाराचा पॉइंटर बाळगेल. किंवा कोड तयार करून शेअर्ड लायब्ररी म्हणून कंपाइल करा आणि ‘डीएल-ओपन’ने (विंडोजवर ‘लोड-लायब्ररी’ने) चढवा. दुसऱ्या वाटेत लायब्ररीचा प्रवेश ‘एक्स्टर्न सी’ फॅक्टरी फंक्शनमधून ठेवा, म्हणजे नाव मँगल होणार नाही (कंपायलर ते बदलणार नाही), आणि तिने बनवलेला शेवटचा ऑब्जेक्ट नष्ट होण्याआधी लायब्ररी उतरवू नका. त्याचा व्ही-टेबल (व्हर्च्युअल फंक्शनच्या पत्त्यांचा तक्ता) तिच्याच मेमरीत असतो, आणि डिस्ट्रक्टरचा कॉल उतरवलेल्या पत्त्यावर गेला की प्रोग्रॅम तिथेच कोसळतो.